दार न वाजवता

ब्रुक्स, अल्बर्टा
११ मार्च

आदरणीय डल्सीबाई,

‘भटकंतीचा फळा’ या साइटवर माझ्या लेखाखाली तुम्ही एक ओळ लिहिलीत, तिच्यामुळे हे पत्र लिहिते आहे. सगळ्यांसमोर विचारायला संकोच वाटला, म्हणून मेल करते.

मी मारिसेल दुमलाव. गावाजवळच्या डायनोसॉरच्या हाडांच्या दरीवर लिहिलेला तो माझा पहिलाच लेख. बाकीच्यांनी ‘छान’, ‘फारच सुंदर’ असं लिहिलं. तुम्ही लिहिलंत, ‘दगड कळले, वारा कळला. पण तिथे बसून खाल्लंस काय?’ ते माझ्या डोक्यातून जाईना. खाल्लं होतं. आईने बांधून दिलेला भात आणि तळलेला मासा. बसमध्ये वास सुटू नये म्हणून खिडकी उघडून, खाली मान घालून खाल्लं होतं. आणि लेखातून ते मुद्दाम गाळलं होतं, कारण प्रवासवर्णनात असलं काही लिहीत नाहीत अशी माझी समजूत. मी काहीतरी गाळलंय हे तुम्हाला कसं कळलं?

मग मी तुमचे सगळे लेख वाचून काढले. न्यूफाउंडलंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या त्या रिकाम्या वस्त्या, तिथली गवतात बुडालेली थडगी, दरवर्षी होडीतून जाऊन ती साफ करणारे लोक. तुमच्या एकाही लेखात रस्ता नाही, हे मला तिसऱ्या लेखाला लक्षात आलं. असं कसं? आणि तुमचं घर पाण्यावर तरंगत आणलं असं एके ठिकाणी लिहिलंय, ते खरंच झालं की लेखकाने घेतलेली मोकळीक? शिवाय त्या फोटोत तुमच्या घराचं पुढचं दार जमिनीपासून छातीएवढं उंच आहे आणि खाली एकही पायरी नाही. दार उघडून कोणी पाऊल टाकलं तर थेट तोंडावरच पडेल! ते दार आहे तरी कशाला?

माझे बाबा इथल्या मांसाच्या कारखान्यात आहेत, आई हॉटेलच्या खोल्या आवरते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. सध्या लायब्ररीत काम करते. आईबाबांना वाटतं आता मला सगळं कळतं. मला मात्र आत्ताच कुठे प्रश्न पडायला लागलेत.

आपली नम्र,
मारिसेल


कॅप्लिन आर्म, न्यूफाउंडलंड
१९ मार्च

मारिसेल पोरी,

‘आदरणीय’ वाचून मी मागे वळून पाहिलं, पाद्रीबाबा आलेत की काय म्हणून. इथे मला कोणी आदरणीय म्हणत नाही. आमच्याकडे बाईचे केस पिकले की ती सगळ्या गावाची मावशी होते, नातं असो वा नसो. तूही मावशी म्हण. आणि ते ‘तुम्ही’ सोड, नाहीतर उत्तर देणार नाही.

रस्ता नाही, कारण रस्ता नाहीच. मागे डोंगर, पुढे समुद्र, मधे आम्ही. फेरीबोट येते तेव्हा जग येतं, जाते तेव्हा जग जातं.

घराचं म्हणशील तर अक्षरन् अक्षर खरं. मी लहान होते. सरकारने आमची जुनी वस्ती उठवली, तेव्हा बाबांनी घराच्या पोटाला रिकामी पिंपं बांधली, भरती आली तसं घर उचललं गेलं आणि बोटींनी ओढत ते इथे आणलं. आईने शेगडीवरची किटली तेवढी उतरू दिली नाही. म्हणाली, ‘तिकडे टेकलो की लोक आत येतील, चहा लागेल.’ आणि आलेही. घर नीट टेकलंही नव्हतं.

पुढच्या दाराला पायऱ्या करायच्या राहिल्या, त्या राहिल्याच. कोणाला गरजच पडली नाही. इथे सगळी वर्दळ मागून, थेट स्वयंपाकघरात.

आता तू विचारायच्या आत सांगते. यंदा बर्फ पडायच्या आधी पुन्हा मत घेणार आहेत, आमच्याच गावाचं. चारातल्या तिघांनी ‘जातो’ म्हटलं की बोट बंद, वीज बंद, आणि गाव मोडलं. म्हणूनच मी फळ्यावर लिहायला लागले. माझं मत काय, ते मात्र विचारू नकोस. उरलेलं गाव तेच विचारत बसलंय.

डल्सीमावशी

ता. क. तुझा लेख मी का उघडला माहीत आहे? वर ‘अल्बर्टा’ दिसलं म्हणून. माझा मुलगा लॉयड तुमच्याच प्रांतात तेलाच्या खाणीवर कामाला आहे. तो फोनवर नुसतं ‘बरं आहे’ म्हणतो. वारा कसा असतो ते तुझ्याकडून कळलं.


ब्रुक्स
२ एप्रिल

डल्सीमावशी,

आमच्या फिलिपिनो घरांतही मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारली तर आई डोळे वटारते, त्यामुळे ‘मावशी’ म्हणताना मला फार सोपं गेलं. ‘तू’ म्हणताना मात्र अजून जीभ अडखळते.

तुझं पत्र मी घरी मोठ्याने वाचून दाखवलं. घर तरंगत आलं ऐकून आई टाळ्या पिटायला लागली. बाबा म्हणाले, ‘जिचं तोंड पाहिलं नाहीस ती तुझी मावशी कशी? उद्या ती बाई पैसे मागेल बघ.’ मी म्हटलं, ‘बाबा, ती मला भात आणि मासा लेखात घाल म्हणते. असले लफंगे असतात का?’ ते हसले, पण पटलं नाही त्यांना.

मावशी, मत काय असं मी विचारणार नाही. पण माझं सांगते. नाही म्हण! तुझ्या लहानपणी एकदा गाव उठवलं, आता पुन्हा? सोयीसाठी माणसांना मुळापासून उपटायचं हा कुठला न्याय? मी फळ्यावर एक निवेदन लिहायला घेतलंय. तिथे जगभरचे भटके आहेत, सगळे सह्या करतील. तू फक्त हो म्हण.

आणि कॅप्लिन आर्म मला एकदा डोळ्यांनी बघायचंय. शाळेत शिकवलं होतं की आमच्या गवताळ रानावर पूर्वी समुद्र होता. म्हणजे मी समुद्राच्या तळाशी वाढले, आणि समुद्र काही अजून पाहिला नाही. कधी येऊ?

तुझी,
मारिसेल


कॅप्लिन आर्म
६ मे

पोरी,

उशीर झाला. आधी खाडीत बर्फ अडकला, मग इंटरनेटने मान टाकली, मग मी.

ते निवेदन फाडून टाक. रागावून म्हणत नाहीये. तुझ्या भटक्यांनी सह्या केल्या तरी पर्लच्या नवऱ्याची किडनी काही चालू होणार नाही. पर्ल आणि अँब्रोज स्किनर, माझ्या शेजारचे. अँब्रोजकाकाला आठवड्यातून तीनदा मशीनवर घ्यायला हवं म्हणतात, आणि मशीन आहे बोटीच्या पलीकडे. सध्या तो मीठ बंद करून आणि शिव्या देऊन दिवस काढतोय. धुकं असलं की हेलिकॉप्टरही येत नाही. ‘नाही म्हण’ असं तू किती सहज लिहिलंस! तुझं वयच आहे ते.

मतदानाचे सरकारी साहेब दर बोटीला येतात. हातात कागद, पायात नवे कोरे बूट. त्यांचा पाय लागला की गाव दिवे मालवून बसतं.

तुझा नवा लेख वाचला. कालव्याकाठच्या सायकलफेरीचा. आईने दिलेली केळीच्या पानातली भाताची गोड वडी तू वाटेत बसून खाल्लीस आणि मुंग्यांनाही दिलीस. आता कुठे मला तू दिसलीस.

कधी येऊ, असं काय विचारतेस? आमच्यात बोलावणी पाठवत नाहीत. वाटेल तेव्हा ये. आलीस की आलीस.

डल्सीमावशी


सेंट जॉन्स विमानतळावरून
२१ जून

आदरणीय डल्सीबाई,

हे पत्र लिहावं की नाही, याचा पुष्कळ विचार केला. पण न लिहिता घरी गेले तर आयुष्यभर टोचत राहील.

मी कॅप्लिन आर्मला येऊन गेले.

‘वाटेल तेव्हा ये’ हे मी खरं मानलं. तुम्हाला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून कळवलं नाही, ही माझी चूक असेल. बोट धक्क्याला लागली तेव्हा धुकं होतं. गावात चिटपाखरू नव्हतं, सगळ्या खिडक्यांचे पडदे ओढलेले. तरी तुमचं घर मी लगेच ओळखलं, त्या पायऱ्या नसलेल्या दारावरून. मागे गेले. धुराड्यातून धूर येत होता, पावाचा वास येत होता, आतून बोलणं ऐकू येत होतं. मला इतका आनंद झाला की केस नीट केले, बॅग खाली ठेवली आणि दार वाजवलं.

बोलणं थांबलं.

मी पुन्हा वाजवलं. पडदा एवढासा हलला. मला वाटलं, आता दार उघडेल. पण कोणी आलं नाही. मी बराच वेळ उभी होते. मग बोटीने शिट्टी दिली. आईने तुमच्यासाठी सुक्या आंब्याच्या फोडी दिल्या होत्या, ते पाकीट उंबऱ्याशी दगडाखाली ठेवलं आणि निघाले.

बोटीवरच्या माणसाने विचारलं, ‘कोणाकडे गेली होतीस गं?’

‘डल्सी डर्नफर्डकडे. पण त्या घरी नाहीत.’

तो खो खो हसला. ‘घरी नाही? अगं, जाईल कुठे? जायचं तर आमच्याच बोटीने ना!’

त्याला गंमत वाटली. मला मात्र त्यावरून तुम्ही घरातच होतात अशी खात्री पटली. लेखातली माणसं लेखातच ठेवावीत, असं तुम्हाला वाटलं असेल तर ते मी समजू शकते. तुमचे लेख यापुढेही वाचत राहीन.

आपली नम्र,
मारिसेल दुमलाव


कॅप्लिन आर्म
२९ जून

अगं माझ्या बये, माझ्या शहाण्या पदवीधर बये,

दार वाजवलंस? दार वाजवलंस तू?

कॅप्लिन आर्ममध्ये दार कोणी वाजवत नाही! कडी वर केली की आत. आत येऊन बूट काढता काढता ‘कोण आहे गं घरात’ असं विचारायचं. कधी मी झोपलेली असते आणि उठून बघते तर शेजारच्यांनी माझ्या किटलीत चहा करून पिऊन कप विसळून ठेवलेले असतात. दार वाजवतं ते सरकार. आणि सरकार यायचा दिवस तोच, बोटीचा.

आता आतली बाजू ऐक. पर्ल टेबलाशी, अँब्रोज शेगडीपाशी, मी कणकेत कोपरापर्यंत. तुझी पहिली थाप पडली आणि पर्लने रेडिओ बंद केला. अँब्रोजचा कप तोंडापाशी गेला होता, तो तसाच राहिला. दुसऱ्या थापेला तो पुटपुटला, ‘आज नवे बूट फारच सभ्य दिसतात.’ पर्लला हसू फुटलं, तिने तोंडात फडकं कोंबलं. पडद्याच्या फटीतून तिने पाहिलं ती तुझी बॅग. ‘कागदांची बॅग आहे,’ म्हणाली. झालं! आम्ही तीन म्हातारी माणसं श्वास धरून बसलो, चोरांसारखी, माझ्याच घरात.

बोट गेल्यावर मी दार उघडलं तर आंबा. पाकीट हातात घेऊन अँब्रोज म्हणाला, ‘डल्सी, सरकार काही आंबे ठेवून जात नाही.’ मी पाकीट हिसकावून घेतलं. पाकिटावर तुझ्या आईने काढलेलं एक फूल आणि खाली ‘ब्रुक्स’. मी कणकेचे हात घेऊन धक्क्यापर्यंत पळाले. धुक्यात नुसतं इंजिन ऐकू येत होतं.

पाच हजार किलोमीटर आलीस आणि एक कडी उचलली नाहीस! ‘आदरणीय’ म्हणतेस? पुन्हा म्हणून तर बघ.

आंबा मी पुरवून पुरवून खातेय. अँब्रोजला बंदी आहे, तो नुसता वास घेतो.

तुझी मावशी, घरीच असलेली


ब्रुक्स
८ जुलै

मावशी,

तुझं पत्र वाचून मी आधी रडले, मग इतकी हसले की लायब्ररीतल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले होते, ‘सांगितलं होतं.’ आता तुझं पत्र त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, आणि अँब्रोजकाकांच्या बुटांवरच्या वाक्याला मोठ्याने हसले. आई मात्र माझ्यावरच उखडली.

‘दार वाजवून गप्प उभी राहिलीस? हाक नाही मारलीस?’

‘आई, दार वाजवणं हीच सभ्य रीत आहे.’

‘कोणाची रीत? आपल्या गावाला कुंपणापाशी उभं राहून ओरडतात, “ताओ पो!” माणूस आलंय हो! आतल्याला कळायला नको का, की आलंय ते माणूस आहे? नुसती ठकठक तर सुतारपक्षीही करतो. एवढी शिकलीस आणि हाक मारायला विसरलीस!’

मावशी, तिचं बरोबर आहे. मी लहान असताना आई इथेही शेजाऱ्यांच्या दारात अशीच ओरडायची आणि मला लाज वाटायची. शाळेत जाऊन दार वाजवायला शिकले तेव्हा मला वाटलं होतं, आता आपल्याला जगाची रीत कळली.

तुझ्या मताचं विचारत नाही. पण माझं अजून तेच आहे. ज्या गावात लोक न विचारता चहा करून पितात, ते गाव मोडू नये. नाही म्हण, मावशी.

मारिसेल


कॅप्लिन आर्म
२७ ऑक्टोबर

मारिसेल,

मत झालं. मी ‘जाते’ म्हटलं. माझं मत मोजायच्या आधी गाव हलायला एकच मत कमी पडत होतं.

तुला राग येईल. येऊ दे. पण कारण ऐकून घे, कारण जूनमध्ये मी तुला अर्धंच सांगितलं होतं.

हे साहेब यायला लागायच्या आधी माझ्या दारावर एकदाच थाप पडली होती. सिरिल मासेमारीला गेला होता तेव्हा. तटरक्षक दलाची दोन माणसं, टोप्या हातात. ती बाहेर का उभी आहेत हेच मला कळेना. मी आतूनच ओरडले, ‘अरे या ना आत!’ ती आली नाहीत. तेव्हा समजलं, माझा नवरा गेला.

तू वाजवलंस तेव्हा पर्लला साहेब वाटला, अँब्रोजला साहेब वाटला. मला लॉयड दिसला. वाटलं, तुमच्या त्या अल्बर्टात खाणीवर काही झालं, आणि सांगायला माणसं आलीत. म्हणून मी उठले नाही. जोवर उघडत नाही, तोवर काही झालेलं नाही. पडदा पर्लने हलवला. मी डोळे मिटून बसले होते.

ते सगळं टळल्यावर मी शेगडीपाशी बसलेल्या अँब्रोजकडे पाहिलं. त्याचे पाय किटलीसारखे फुगले होते. मनात आलं, ही आमची न वाजणारी दारं आम्ही सांभाळतोय कोणासाठी? आत येणारी माणसंच संपत चालली. पोरं गेली, शाळा गेली. आता बोटीच्या दिवशी श्वास धरून बसणं, एवढंच गाव उरलंय. आणि मी ‘नाही’ म्हटलं, तर पर्लच्या दारावर बाहेरून थाप पडेपर्यंत वाट बघायची. ते माझ्याच्याने होईना.

अँब्रोजला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘चहा कर.’ मी केला.

भीती वाटते ती एकाच गोष्टीची. आता राहायला जायचं त्या पोर्ट हेलनला सगळे दार वाजवतात. मी प्रत्येक वेळी सिरिलला आणि लॉयडला आठवून मरायचं का? आणि कोणी वाजवलंच नाही, तर त्याहून वाईट.

मावशी


ब्रुक्स
१५ जानेवारी

मावशी,

एवढे दिवस लिहिलं नाही, कारण मी खरंच रागावले होते. तुझ्यावर की कशावर, ते कळत नव्हतं. तीनदा पत्र लिहिलं आणि तीनदा खोडलं. त्यात ‘मुळं’ आणि ‘न्याय’ हे शब्द फार होते.

नाताळच्या सुट्टीत बाबांना विचारलं, ‘तुम्ही बातांगासचं गाव सोडलंत तेव्हा काय वाटलं होतं?’ त्यांना हे कधीच विचारलं नव्हतं. जगाचे प्रवास वाचत बसते, पण बाबांचा प्रवास मला ठाऊक नव्हता. ते म्हणाले, ‘वाटायला वेळ कुठे होता? मला कोणी मत विचारलं नव्हतं. तुझ्या मावशीला निदान विचारलं.’ मग म्हणाले, ‘इथे आल्यावर पहिला हिवाळाभर दारावर कोणी आलं नाही. मग खालच्या मजल्यावरच्या सोमाली बाईने भांडंभर भात आणून दिला. त्या दिवशी मी आलो असं धरतो.’

ही गोष्ट मी फळ्यावर लिहिली आहे, त्यांना विचारून. वाचशील?

‘नाही म्हण’ असं तुला दोनदा लिहिलं. एकदाही विचारलं नाही की तुला भीती कशाची वाटते. आता तू सांगितलंस.  मी येईन, एवढं नक्की.

मारिसेल


पोर्ट हेलन
३ जून

पोरी,

तुझ्या बाबांचा लेख अँब्रोजला वाचून दाखवला. तो आता मशीनवर पडल्या पडल्या ऐकतो आणि नर्सला आवाज कमी कर म्हणतो. पाय उतरलेत त्याचे. पर्ल आणि तो दवाखान्याच्या अंगाला राहतात, मी गावाच्या दुसऱ्या टोकाला. जागा मिळाली तशी मिळाली.

माझं घर एका रांगेतलं आहे. सगळी घरं एकाच साच्यातून काढलेली, पांढरी, हिरव्या कडांची. या खेपेला घर तरंगत आणता आलं नाही. किटली तेवढी आणली, मांडीवर घेऊन. पुढच्या दाराला चांगल्या रुंद पायऱ्या आहेत. कोणी चढू नये म्हणून त्यांवर मी फुलांच्या कुंड्या मांडल्यात.

मागच्या दाराला कुलूप लावत नाही. पण येतंय कोण? शेजारी मिसेस ग्लॅडनी म्हणून आहेत. तारेवर कपडे घालताना मान हलवतात. मीही हलवते. बर्फ वितळल्यापासून आमची मान हलवण्यात चांगली प्रगती आहे. किटली रोज दोघींपुरती भरते, सवय. अर्धं पाणी ओतून देते.

फळ्यावर लिहायला काही सुचत नाही. बोट नाही तर प्रवास कसला?

तू येशील तेव्हा मागून ये. आणि दार वाजवलंस तर खबरदार.

मावशी


ब्रुक्स
३० जुलै

मावशी, पुढच्या आठवड्यात येते. या वेळी कळवून. वाजवणार नाही, शपथ. आईने अंगणात उभं करून हाक मारायचा सराव करून घेतला आहे. गल्लीतले लोक खिडकीत आले होते.

मारिसेल


पोर्ट हेलन
४ सप्टेंबर

लबाड पोरी,

आलीस तेव्हा तू मला काय सांगितलंस? ‘मावशी, सगळी घरं सारखीच, आधी चुकून शेजारी डोकावले.’ डोकावले! आता मला सगळं कळलंय, आणि तुझ्या तोंडून नाही.

तू मागून गेलीस, कडी उचललीस, ‘माणूस आलंय हो!’ असं घर दणाणेल एवढ्याने ओरडलीस, बूट काढलेस आणि मिसेस ग्लॅडनींच्या टेबलाशी जाऊन बसलीस. त्या बिचाऱ्या भांडी पुसत होत्या. पण दवाखान्यातून त्यांचा रक्तदाब तपासायला मुलगी येते, तीही तुमच्याचकडची, फिलिपिनो. त्यांना वाटलं, आज नवीन पाठवलेली दिसते. म्हणून त्यांनी बाही वर केली आणि हात तुझ्यापुढे धरला.

आणि तू तो हातात घेऊन बसलीस! तुला वाटलं, न्यूफाउंडलंडात पाहुणीचं स्वागत असंच करतात.

त्या म्हणतात, ‘बराच वेळ धरला होता हो तिने. मी वाट बघतेय, आता यंत्र काढेल, मग काढेल. आणि ती आपली माझ्याकडे बघून हसतेय. मग विचारते, मावशी, किटली कुठाय तुझी, ती तरंगत आलेली?’ तेव्हा कुठे त्यांना शंका आली.

त्या सांगत होत्या तेव्हा हसता हसता मधेच थांबल्या. म्हणाल्या, ‘नवरा गेल्यापासून माझा हात कोणी यंत्राशिवाय धरला नव्हता.’ 

हे सगळं त्यांनी मला कुठे सांगितलं, विचार. माझ्या स्वयंपाकघरात. काल दुपारी. मी पावाच्या कणकेचे तुकडे तळत होते, काकवीची बाटली शोधायला खाली वाकले होते, आणि मागे कडी वाजली. थाप नाही, कडी. मी मागे वळेपर्यंत बाई अर्ध्या आत. एक बूट काढलेला, एक पायात, चेहरा लालबुंद. काय बोलावं सुचेना, म्हणून तू शिकवून गेलीस तेच म्हणाल्या, हळूच, चर्चमध्ये बोलतात तसं.

‘माणूस आलंय हो.’

तुझ्या आईला सांग, आवाज अजून तयार व्हायचाय, पण हाक बरोबर होती. आज फळ्यावर माझा नवा लेख लावलाय. प्रवास फार लांबचा नाही, त्यांच्या मागच्या दारापासून माझ्या मागच्या दारापर्यंत. खाल्लं काय ते पहिल्याच ओळीत लिहिलंय.

किटलीतलं पाणी काल ओतावं लागलं नाही.

तुझी,
डल्सीमावशी